थरथर थांबेपर्यंत

बाबांनी आपला देह कॉलेजला देऊन टाकला होता, आणि ही गोष्ट ते घरी आलेल्या प्रत्येकाला चहाबरोबर ऐकवत. "मेल्यावर तरी मला निवृत्त करू नका," हा त्यांचा ठरलेला विनोद. तो आला की आई उठून आत जायची.

जन्मभर त्यांनी वैद्यकीय कॉलेजात शरीररचना शिकवली. मुलं पाठीमागे त्यांना 'हाडमास्तर' म्हणायची आणि समोर चळाचळा कापायची. पहिल्या तासाला ते कुणाला सुरी धरू देत नसत. टेबलावरच्या मृतदेहाचा हात प्रत्येकाने आपल्या हातात घ्यायचा आणि आपली थरथर थांबेपर्यंत धरून ठेवायचा, एवढाच तो तास. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. माझा हात काही केल्या थांबेना. मागे रांग खोळंबली, कुणीतरी मुद्दाम खाकरलं, पण बाबांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग साथ आली. कॉलेज बंद झालं, हॉस्टेल रिकामं झालं. तोवर मी त्याच विभागात शिकवू लागले होते. आम्ही एकाच मृतदेहाचं विच्छेदन कॅमेऱ्यासमोर केलं आणि मुलांनी ते घरी बसून पाहिलं. साथ गेली तरी पद्धत राहिली. ती राहावी म्हणून विभागात मीच भांडले होते, आणि आजही भांडेन. ज्यांना मागच्या रांगेतून टाचा उंचावूनही काही दिसत नसे, ती मुलं आता एकेक शीर हवी तितक्या वेळा पाहू शकत होती. निकाल सुधारला. बाबांना हे सांगितलं की ते एवढंच विचारायचे, "आणि हात कुणाचा धरतात?" त्यावरून आमचं चांगलंच वाजायचं. शेवटी आईच टीव्हीचा आवाज वाढवायची.

ते गेले त्या सकाळी मी विभागप्रमुखांना फोन केला. तेही बाबांचेच विद्यार्थी. चाचरत म्हणाले, "मॅडम, देह घेणं आपण बंद केलंय ना. रेकॉर्डिंग तयार आहे, त्यामुळे गरजच... तो प्रस्ताव तुम्हीच तर..." त्या प्रस्तावावर सही माझीच होती.

आई दारात उभी होती. "काय म्हणाले?"

"नको म्हणाले."

"नको म्हणजे? माणूस तिथे जन्मभर राबला! मला त्यांचं हे खूळ कधी पटलं नाही, पण आता मी त्यांना दुसरीकडे कुठे नेऊ देणार नाही. तू बघ काय ते."

मी पुन्हा फोन करायच्या आत प्रमुखांचाच आला. त्यांनी मार्ग काढला होता. "नवा कॅमेरा आलाय, मॅडम. सरांच्या देहावर नवं चित्रीकरण करू. वर्षानुवर्षं हजारो मुलं पाहतील. सरांना याहून मोठा मान कोणता?" बिचारे मनापासून बोलत होते. मला मात्र बाबांचा प्रश्न आठवला. हजारो मुलं पाहतील, आणि बाबांचा हात एकही धरणार नाही.

"चालेल," मी म्हटलं. "पण पहिला तास कॅमेऱ्याशिवाय. मुलं समोर हवीत."

"मुलं गावोगाव पांगलीत. हजेरी नसेल तर कोण येईल?"

"मला बोलावून तर बघू द्या. कुणीच नाही आलं तर लावा कॅमेरा."

देह टिकवण्याचं काम व्हायला काही आठवडे गेले. मग मी मुलांना निरोप पाठवला : 'पहिला तास. हजेरी नाही, रेकॉर्डिंग नाही. एका शिक्षकाचा हात धरायला या.'

त्या दिवशी हॉल उघडला तर औषधाच्या उग्र वासाने डोळ्यांत पाणी आलं. निदान मी दोष त्या वासाला दिला. बाबांचा चेहरा कापडाने झाकलेला होता. उजवा हात तेवढा बाहेर. दारात सापडून वाकडं झालेलं अंगठ्याचं नख तसंच होतं. तासाची वेळ होऊन गेली, कुणी आलं नाही. प्रमुख दोनदा डोकावून गेले. मला बाबांचा राग आला, मुलांचा आला, सगळ्यात जास्त माझा आला.

तेवढ्यात खांद्यावर प्रवासाची बॅग घेतलेली एक मुलगी दारात दिसली. तिच्यामागून आणखी काही जण आले. वर्गाच्या मानाने अगदीच मूठभर, पण आले.

मुलीने बाबांचा हात हातात घेतला. तिचा हात चांगलाच कापत होता. धीर यावा म्हणून ती मनगटातली हाडं ओळीने पुटपुटत होती. एकही चुकलं नाही. ते तिला आमच्या रेकॉर्डिंगनेच शिकवलं होतं.

"किती वेळ धरायचा, मॅडम?"

"थरथर थांबेपर्यंत."

हळूहळू तिचं पुटपुटणं थांबलं. मग हातही थांबला. "बोटं खडबडीत आहेत यांची," ती म्हणाली.

"खडू धरून धरून."

"तुम्ही ओळखत होता यांना?"

"माझे वडील."

ती लगेच बाजूला झाली. "मग आधी तुम्ही, मॅडम."

मी हात धरला. तो फार थंड होता. माझी थरथर थांबेना, काही केल्या थांबेना. मागे रांग खोळंबली होती. माफी मागावी म्हणून मी वळले. समोर भिंतीवर घड्याळ होतं, आणि एकही मूल तिकडे पाहत नव्हतं.