इथं लाईट गेली

गिरिजाची गोष्ट सोलापुरात एकीशिवाय कोणीही पाहिलेली नव्हती. १९७८ साली शहरात टीव्ही दिसत नसे. तो बघायचा तर पुण्याला नातेवाईक असावे लागत. तरीही पूर्व भागातल्या एका बोळात गिरिजाच्या सासूला रोज दुपारी शिव्या बसत. शिव्या देणाऱ्या बायका विड्या वळत असत आणि त्यांना गोष्ट सांगणारी चंद्रव्वा त्या वेळी खाली मान घालून पानं कापत असे.

चंद्रव्वा अक्कलकोटच्या पलीकडची, गुलबर्गा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. १९७५च्या पावसाळ्यात तिथल्या शाळेत सरकारने टीव्ही आणून ठेवला आणि छपरावर उपग्रहाचे चित्र पकडायला जाळीची मोठी छत्री बसवली. उपग्रह अमेरिकेचा होता, एका वर्षाच्या बोलीवर घेतलेला. रोज संध्याकाळी कानडीतून कार्यक्रम लागे. सुरुवातीला गाव लोटले. मग लोकांना कळले की नाच-गाणे थोडा वेळ असते, नंतर शेती आणि आरोग्य. त्यातच गिरिजाची गोष्ट होती. गिरिजा नावाची सून कोंबड्या पाळते, सासू अंड्यांचे पैसे काढून घेते, नवरा काही बोलत नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी एक साहेब येऊन कोंबड्यांना लस कशी टोचावी हे समजावून सांगे. कोंबड्या घरी दिसतातच की, असे म्हणून माणसे उठत.

चंद्रव्वा उठत नसे. तिला गोष्ट फार आवडायची असे नाही. दिवसभर खुरपणी, घरी गेले की चूल आणि सासऱ्यांचे पाय. शाळेत टीव्हीसमोर बसले की तेवढा वेळ कोणी काम सांगत नसे. त्यामुळे गावात गिरिजा रोज पाहिली ती तिने एकटीने.

वर्ष संपले, उपग्रह गेला. पुढच्या वर्षी तिचा नवरा कल्लप्पा सोलापूरच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. दोघं त्या बोळात कमलम्माच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहू लागली. कमलम्माच्या घरात चादरींचे दोन माग होते. ते नवरा चालवी. ती स्वतः अंगणात विड्या वळे आणि बोळातल्या आठ-दहा बायका आपापली पानं-तंबाखूची सुपं घेऊन तिच्याकडे येत.

चंद्रव्वाला विडी जमत नव्हती. तोंड सैल राही, दोरा सुटे. कारखान्याचा चेकर तिचा माल नुसता हाताने चाचपून बाजूला टाकी.

"तुमच्या गावात विडी ओढत न्हाईत काय गं?" गोजरबाईने एकदा विचारले. गोजरबाई मोडनिंबची, तोंडाने तिखट.

"ओढतात. वळत न्हाईत."

"मग दिवस मावळल्यावर करत काय होता?"

"टीव्ही बघत होतो."

अंगणभर हसू पिकले. चंद्रव्वा हसली नाही. मग कमलम्मा म्हणाली, "काय बघितलंस ते सांग की. हात तरी चालतील." अशी गिरिजा सोलापुरात आली.

चंद्रव्वा रंगवून सांगत नसे. दिसले तेवढे सांगे, दिसले त्या क्रमाने. गावात वीज सारखी जाई, त्यामुळे मधले मधले तिला माहीत नव्हते. तिथे आली की ती थांबे आणि म्हणे, "इथं लाईट गेली. परत आली तवा गिरिजा रडत होती." का रडत होती, यावर मग दुपार जाई. कमलम्माच्या मते सासूने हात उगारला असणार. गोजरबाईच्या मते कोंबडी मेली असणार. चंद्रव्वाला विचारले तर ती म्हणे, "मी बगितलं न्हाई."

साहेबही तिने वगळला नाही. लस कुठे टोचायची, खुराडे कसे कोरडे ठेवायचे, सगळे सांगे. बायकांनी त्याला कोंबडीसाहेब नाव ठेवले. तो आला की सुपं खाली ठेवून हसून घेत. अंगणात एकीकडेही कोंबडी नव्हती. पण गोजरबाईने मोडनिंबला भावाला निरोप धाडला, त्याने लस टोचून घेतली, आणि त्या उन्हाळ्यात गावातल्या कोंबड्या मेल्या तरी त्याच्या जगल्या. तेव्हापासून दुसऱ्या बोळातल्या बायकाही सुपं घेऊन यायला लागल्या. ज्यांना अंगणात जागा मिळाली नाही त्या पायरीवर बसत आणि पुढच्यांना "मोठ्यानं सांगायला लावा की तिला" म्हणत.

सांगताना चंद्रव्वाचे काम मागे पडे. संध्याकाळी कमलम्मा प्रत्येकीच्या सुपातून मूठभर विड्या उचले आणि तिचा माल पुरा करी. कोणी कुरकुर करत नसे. चांगल्या वळलेल्या विड्या चेकरने बाजूला टाकण्याचा प्रश्न नव्हता. पण रोज दुपारी तेवढे बोलून चंद्रव्वाचा घसा बसे. कल्लप्पा घरी आला की ती खुणेनेच ताट दाखवी.

दिवाळीनंतर कमलम्माची मुलगी अंबू भिवंडीहून माहेरी आली ती परत गेली नाही. लग्नाला दीड वर्ष झाले होते. सासरी यंत्रमाग होते, ते रात्रंदिवस चालत, आणि मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरणे अंबूकडे होते. कोणी मारत नव्हते. जेवायला मिळत होते. कमलम्माने खोदून खोदून विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अम्मा, तिथं मला कुणी नावानं हाक मारत न्हाई. कांडी संपली की 'कांडी' म्हणून ओरडतात. मी उठून देते."

"हे काय सांगायचं कारण हाय?" कमलम्मा म्हणाली. "लोकांना काय सांगू मी?"

अंबू अंगणात मागच्या भिंतीला टेकून बसे. तिची विडी सगळ्यांत सुबक होती. ती कधी बोलत नसे, पण गिरिजा कोंबड्या घेऊन भावाकडे निघून आली त्या दिवशी तिचे हात थांबले होते. सासूने तिला न विचारता कोंबड्या विकायला काढल्या होत्या, म्हणून गिरिजा निघाली होती. पुढे नवरा न्यायला येतो, भाऊ समजावतो, असे भाग चालले. बायका दोन तटांत विभागल्या. परत जावे, जाऊ नये. बोलताना कोणी अंबूकडे बघत नसे. ते न बघणे अंबूलाही कळत होते.

जानेवारीत निंगप्पा आला. तो गावच्या शाळेचा शिपाई. टीव्हीच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असे. मुलीच्या लग्नासाठी चादरी घ्यायला सोलापुरात आला आणि कल्लप्पाकडे उतरला. ही बातमी बोळात पसरली. कमलम्माने त्याला खुर्ची दिली, चहा दिला.

"तुमीच लावत होता न्हवं टीव्ही?"

"व्हय. लावायचं, पुसायचं, बंद करायचं. सगळं माझ्याकडंच."

"मग गिरिजाचं शेवटी काय झालं?"

"कोण गिरिजा?"

"कोंबड्यावाली!" गोजरबाई ओरडली.

निंगप्पाने कपाळ चोळले. "हां, ते व्हय. ते लागलं की लोक उठायचे. मी बाहेर जाऊन विडी ओढायचो. ही एकटी बसायची आत. हिच्यापायी मला कुलूप लावायला उशीर व्हायचा बगा."

"तुमी एकदाबी बघितलं न्हाई?"

"काय बगायचं त्यात? एक बाई आन् कोंबड्या."

"असल्याच्या हातात सरकारनं किल्ली दिली," गोजरबाई इतरांना म्हणाली.

"आता किल्ली न्हाई आन् काय न्हाई. पेटी अडगळीत हाय, वर खताची पोती टाकल्यात. तुमाला शेवट पायजे तर हिलाच विचारा. हिच्याशिवाय कुणाला ठाव न्हाई."

निंगप्पा चादरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी कमलम्मा चंद्रव्वाच्या खोलीत आली. ती सहसा तिथे येत नसे. उंबऱ्यातच बसली.

"रविवारी भिवंडीचे लोक येणार हाईत. तिचा नवरा आणि थोरला दीर. ह्या खेपेला नुसतेच गेले तर परत येणार न्हाईत." तिने मागे वळून अंगणाकडे पाहिले. "अंबू माझं ऐकत न्हाई, बापाचं ऐकत न्हाई. गिरिजाचं ऐकेल. शनिवारी शेवट सांगून टाक. गिरिजा परत गेली."

"मी तसं बगितलं न्हाई, मावशी."

"कसं बघितलंस?"

चंद्रव्वा सुपातली पानं सारखी करू लागली.

"निंगप्पा काय म्हणाला ऐकलंस न्हवं? तुझ्याशिवाय कुणाला ठाव न्हाई. तू म्हणशील तेच झालेलं. एक वाक्य, चंद्रव्वा. तुझं सूप मी रोज भरते. कधी बोलून दाखवलं काय?"

"न्हाई."

"मग?"

कमलम्मा उठून गेली. संध्याकाळी अंबू पानं भिजवायच्या निमित्ताने हौदावर चंद्रव्वाजवळ आली.

"चंद्रक्का, गिरिजा परत जाते का?"

"शनिवारी सांगते."

"अम्मानं काय सांगायला लावलंय?" अंबूने विचारले, आणि उत्तराची वाट न बघता पाण्यातली पानं उलटी केली. "तिनं काय लावायचं ते लावू दे. तू जे बघितलंस ते सांग मला. मला कळत न्हाई काय करायचं. खरंच कळत न्हाई."

शनिवारी अंगण भरले होते. मागांचा आवाज नको म्हणून कमलम्माने नवऱ्याला माग थांबवायला लावले. असे आधी कधी झाले नव्हते.

चंद्रव्वाने सांगायला सुरुवात केली. भाऊ गिरिजाला एस.टी. स्टँडवर सोडून जातो. तिच्याजवळ पत्र्याची पेटी आणि एक टोपली. टोपलीत उरलेल्या कोंबड्या, वर ओले फडके. नवऱ्याच्या गावाची गाडी येते. लोक चढतात. कंडक्टर वाकून विचारतो, येणार का बाई? गिरिजा टोपलीला हात घालते.

"मग साहेब आला," चंद्रव्वा म्हणाली. "उन्हात कोंबड्यांला पाणी कसं द्यायचं ते सांगितलं."

कोणी हसले नाही.

"आन् मग?"

चंद्रव्वाने कमलम्माकडे पाहिले. खोटे सांगायचे तर गिरिजाला गाडीत बसवावे लागले असते, मग उतरवावे लागले असते, सासूच्या दारात उभे करून दोघींना काहीतरी बोलायला लावावे लागले असते. तेवढे बळ तिच्यात नव्हते. दीड वर्ष रोज दुपारी ती बोलत होती. तिला नुसते गप्प बसायचे होते.

"एवढंच हाय," ती म्हणाली.

"आगं, लाईट आल्यावर?" गोजरबाईने विचारले.

"लाईट गेली न्हवती. वरनंच बंद झालं. दुसऱ्या दिवशी निंगप्पानं लावलं तर नुसत्या मुंग्या दिसल्या. तो म्हणाला वर्ष भरलं."

"म्हणजे ती गेली का न्हाई?"

"मी बगितलं न्हाई."

"आन् तुला हे पयल्यापासनं ठाव हुतं?" पायरीवरची एक बाई म्हणाली. "आमाला एवढे दिवस बसवून ठेवलंस बिनशेवटाच्या गोष्टीला?"

एकदम गलका झाला. कोणी सरकारला बोलले, कोणी अमेरिकेला. कमलम्मा उठली आणि आत जाऊन नवऱ्याला माग सुरू करायला सांगून आली. त्या संध्याकाळी चंद्रव्वाचे सूप अर्धेच राहिले.

रविवारी पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. अंबू अंगणात सूप घेऊन बसली होती. आईने दोनदा उठायला सांगितले. दीर बाहेर आला.

"चल आता. कांड्यांवाचून दोन माग उभे हाईत."

अंबूने त्याच्याकडे पाहिले नाही. मागे उभ्या असलेल्या नवऱ्याला ती म्हणाली, "मला नावानं हाक मारा. लगेच उठते."

नवऱ्याने आधी भावाकडे पाहिले, मग जमिनीकडे. थोरल्यासमोर बायकोचे नाव घ्यायची त्यांच्यात पद्धत नव्हती आणि हे अंगणातल्या प्रत्येकीला माहीत होते. अंबूलाही माहीत होते.

"चल की," तो हळू म्हणाला.

अंबूने विडीला दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि दुसरे पान घेतले. कमलम्मा दारात उभी होती. तिने तोंडावर पदर धरला होता. पाहुणे संध्याकाळच्या गाडीने गेले.

कमलम्माने चंद्रव्वाला खोली सोडायला सांगितले नाही. फक्त तिचे सूप भरणे बंद केले. चंद्रव्वा स्वतःच्या उंबऱ्यात बसून वळू लागली. चेकर माल टाकत राहिला. हळूहळू थोडा कमी टाकू लागला. अंबू अंगणातच बसे, आईपासून हातभर लांब. दोघी दिवसभरात चार शब्द बोलत. दुपारी आता कोणी गोष्ट मागत नसे, आणि चंद्रव्वाचा घसा बरा झाला.

उन्हाळ्यात बोळातल्या नळाला पाणी येईना म्हणून चंद्रव्वा दोन गल्ल्या पलीकडच्या नळावर गेली. रांग मोठी होती. पुढची बाई अनोळखी, बोलकी होती.

"तुमी गिरिजाची गोष्ट ऐकली का न्हाई?"

चंद्रव्वाने घागर खाली ठेवली. "कुठली?"

"आवो, टीव्हीतली. लई भारी हाय. आमच्याकडं रोज चालते. गिरिजाला न्यायला नवरा येतो. ती म्हणते, मला नावानं हाक मार, उठते. तो मारत न्हाई. ती जात न्हाई बगा. आता सोलापुरातच असते, विड्या वळते."

"आन् कोंबड्या?"

"कसल्या कोंबड्या?"

"काय न्हाई." रांग पुढे सरकली. चंद्रव्वाने घागर पायाने ढकलली. "हे टीव्हीवर दाखवलं?"

"मग! सगळं दाखवलंय."

"मधी लाईट गेली न्हाई का?"

"न्हाई की," बाई म्हणाली. "शेवटपर्यंत दिसलं."

नळ मोकळा झाला. बाईने आपली घागर लावली. चंद्रव्वा तिच्या मागे उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत राहिली.