बाईंनी आठवडा बेतला

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पायाने चालवायची. माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी आता फक्त मानेपाशी उरली आहे. मित्रांनो, कारखान्यातली भट्टीची धग आणि दुकानातली काच मला पुसटशीच आठवते. लख्ख आठवतं ते बाईंच्या घरी आल्यापासूनचं.

तेव्हा बाई वीस वर्षांच्या होत्या. रस्त्याकडच्या खिडकीत त्यांनी मला ठेवलं आणि तेवीस वर्षं आम्ही दोघींनी शाळेचे गणवेश शिवले. गिऱ्हाइकं त्यांना ताई म्हणत, माझं कौतुक करत. ताई कुणालाच नाही म्हणत नसत.

लेक परिचारिका झाली, आणि त्याच वर्षी बाईंनी स्वतः कॉलेजात नाव घातलं. पहिल्या दिवशी घरी आल्या त्या हसतच.

"मी वर्गात शिरले तर मुलं उठून उभी राहिली," त्या लेकीला म्हणाल्या. "त्यांना वाटलं, मीच शिकवणार."

त्यांचा मुख्य विषय भूगोल, जोडीला संख्याशास्त्र. पुस्तक माझ्या फळीवर ठेवून त्या मोठ्याने वाचत. खोल समुद्राच्या तळाशी नखभर जाडीचा गाळ साचायला हजार वर्षं लागतात, हे वाचून त्यांचा पाय थांबला. माझंही चाक थांबलं. मिनिटाला शेकडो टाके घालणारी मी, हजार वर्षं म्हणजे किती, याचा विचार करत राहिले. त्याहून नवल बाईंचं वाटलं. हात माझ्यावर होते आणि नजर समुद्राच्या तळाशी.

पण दिवस त्यांना पुरेना. सकाळी तास, दुपारी गिऱ्हाइकं, संध्याकाळी स्वयंपाक. दोन ओळी वाचायच्या, दहा टाके घालायचे, पुन्हा तीच ओळ शोधायची. अशात गणवेशांचा दुकानदार साठ शर्टांचं कापड घेऊन आला. अठरा तारखेला हवे होते. परीक्षा एकोणीसला होती.

"होऊन जातील," बाई सवयीने म्हणाल्या.

चौथ्या दुपारी शिवता शिवता त्यांचे डोळे मिटले. पाय चालतच राहिला आणि माझी सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, तरी ते मला आजही आठवतं. बाईंनी चाक हाताने उलटं फिरवलं, सुई वर घेतली आणि रक्त कापडाला लागू नये म्हणून आधी शर्ट बाजूला केला.

लेकीने पट्टी बांधली.

"कॉलेज सोडते मी," बाई म्हणाल्या. "नाही जमत."

लेकीने उरलेली पट्टी गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "आई, तू न मोजता कापड कापलंस कधी?"

"छे. असं कोण करतं?"

"मग दिवस का असा अंदाजपंचे कापतेस?"

बाईंनी माझ्या शेजारी जमिनीवर खाकी कागद पसरला आणि आठवडा बेतायला घेतला. जिथे तिथे खरा वेळ लिहिला. एका शर्टाला पाऊण तास. धड्याच्या चार पानांना एक तास. त्यांना वाटत होतं, पंधरा मिनिटांत होतील. जाणं-येणं, स्वयंपाक, झोपसुद्धा कागदावर मांडली. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. तशी माया त्यांनी प्रत्येक कामाभोवती सोडली. कागद कसाही फिरवला तरी साठ शर्ट त्यात बसेनात. पस्तीस बसले.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला त्यांनी तसं सांगितलं. बोलताना त्यांचा हात माझ्या चाकावर होता.

"ताई, तुम्ही आजवर कधी नाही म्हणाला नाहीत," तो म्हणाला.

"पस्तीस वेळेवर देते. बाकीचं कापड न्या. माझी परीक्षा आहे."

"कसली?"

"भूगोलाची."

त्याने कापडाचा गठ्ठा काखेत घेतला. दारातून वळून म्हणाला, "भूगोलात मी दोनदा आपटलो होतो. नीट अभ्यास करा."

संध्याकाळचा स्वयंपाक बाईंच्या नवऱ्याने अंगावर घेतला. भात रोज गिचका होई आणि सगळे तो मुकाट्याने खात. पस्तीस शर्ट आठवडाभर आधीच दिले गेले. मग बाईंनी माझ्यावर चादर घातली.

आठ दिवस मी गप्प बसून होते. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मला राग आला, आपण नकोशा झालो असं वाटलं. पण चादरीपलीकडून पान उलटल्याचा आवाज येई, मग मोठी शांतता, मग पुन्हा पान. त्या शांततेत काय घडत होतं ते मला दिसत नव्हतं, तरी ते माझ्या कुठल्याही शिवणीपेक्षा मोठं होतं एवढं कळत होतं. माझा राग तिथेच विरला.

बाई पास झाल्या. भूगोलात बासष्ट, संख्याशास्त्रात अगदी काठावर. पुढच्या सत्रासाठी त्यांनी नवा कागद आणला आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्राला अधूनमधून दोन थेंब तेल घाला, म्हणजे आम्ही कुरकुरत नाही. आणि तुमच्या घरात कुणी नव्याने शिकू लागलं असेल, मग ती ताई असो, बाबा असोत की आई, तर त्यांच्या हातातलं एक काम काढून घ्या. शर्टाचं तुटलेलं बटण तरी आपलं आपण लावा.