तिसऱ्या नंबरचा प्लग

गुरांच्या डॉक्टरीणबाईंची पिकअप महिन्याभरात तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मिस्त्री हातातलं काम टाकून बाहेर आला. पहिल्या खेपेला त्यानं तिचे चारही स्पार्क प्लग बदलले होते. तेव्हापासून गाडी सपाटीला गुमान चालायची आणि मागे औषधांच्या पेट्या असताना चढ लागला की आचके द्यायची. दुसऱ्या खेपेला त्यानं कॉइल बदलली, फिल्टर बदलला आणि बाईंना बिनघोर जा म्हणून सांगितलं.

बाईंनी किल्ली बोनेटवर ठेवली. त्या चिडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"काल टेकडीवरच्या गोठ्यात गाय अडली होती," त्या म्हणाल्या. "अर्ध्या चढावर गाडीनं मान टाकली. पेटी खांद्यावर घेऊन चालत गेले. गाय वाचली, वासरू गेलं."

मिस्त्री नुसतं "बघतो" म्हणाला. बाई बाकावर जाऊन फोनवर कुणाला तरी जखम कशी धुवायची ते सांगू लागल्या.

इंजिनाला कान लावला की दुखणं सांगतो, असा त्याचा तीस वर्षांचा लौकिक. आज मात्र त्याला काही केल्या चैन पडेना. पाना उचलायचा, खाली ठेवायचा. गाडीभोवती चार फेऱ्या झाल्या. इंजिन चालू करून तो वाकला, उजवा कान लावला, मग डावा. खालची घरघर ऐकू येत होती, हाताला थरथर लागत होती. पण चारातला कोणता सिलिंडर चुकतोय, ते उमगत नव्हतं. हल्ली माणसंही तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती, असं त्याला वाटायचं.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. ती घरी शिवणकाम करायची. डबा ठेवता ठेवता तिनं विचारलं, "अहो, हे टिकटिक काय वाजतंय?"

"कुठं?"

"हे काय. मशीनची सुई पट्टीवर आपटल्यासारखं."

मिस्त्री चटकन वळला. ठिणगी प्लगच्या आत न पडता बाहेरून पळाली की असंच वाजतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो इतका वाकला की गालाला इंजिनाची धग लागली. पंखा ऐकू येत होता, पट्टा ऐकू येत होता. टिकटिक नव्हती.

"अजून वाजतंय?"

"मग काय. चांगलं मोठं वाजतंय."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "कुठून येतंय, बोट दाखव."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. काय समजायचं ते समजली. पदर सावरून वाकली आणि तिसऱ्या नंबरच्या प्लगकडे बोट दाखवलं.

तो प्लग एका पाइपखाली अडचणीत होता. महिन्यापूर्वी तिथं पाना तिरका बसला होता, मनगटाला बारीकसा हिसका लागला होता. मनगटाला ते आत्ता आठवलं. त्यानं इंजिन बंद केलं, प्लग काढून पुसला. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी रेघ होती.

प्लग खिशात टाकून त्यानं नवा लावला, या वेळी पाइप बाजूला करून, पाना सरळ धरून. इंजिन चालू केलं, थरथर गेली. बायकोनं मान हलवून वाजत नसल्याचं सांगितलं. मालच खराब निघाला म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? त्यानं डबा उघडला, दोन घास खाल्ले, झाकण लावलं. शेवटी उठून तो बाईंपुढे उभा राहिला आणि प्लग पुढे केला.

"हा बसवताना माझ्याच हातून तडकला. तेव्हा आवाज आला नाही, नंतरही आला नाही. मला कमी ऐकू येतंय, बाई."

बायकोनं मान खाली घातली. बाईंनी प्लग उजेडात धरून ती रेघ बराच वेळ पाहिली.

"गाडी चालली असती तरी वासरू वाचलंच असतं, असं नाही," त्या म्हणाल्या. "वाचलं नसतं, असंही मी तुम्हाला सांगणार नाही. चला, चढावर नेऊन बघू."

पेट्यांसकट गाडी टेकडीवर एकदाही न अडखळता चढली. तरी त्यानं दोनदा विचारलं, काही वाजतंय का. बाई दोन्ही वेळा नाही म्हणाल्या. उतरताना त्यांनी त्याला कानाच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला.

आठवड्यानं तो काचेच्या खोलीत हातात बटण घेऊन बसला. आवाज आला की दाबायचं. बराच वेळ काहीच येईना, तेव्हा तपासणी संपली की काय, म्हणून तो काचेपलीकडच्या बायकोकडे बघायला लागला. तपासणी चालूच होती. बारीक, टोकदार आवाज त्याला येतच नव्हते. यंत्र लावावं लागेल, हे दुखणं पाचसहा वर्षांचं तरी असेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

पाचसहा वर्षं. घरी जाताना त्याच्या डोळ्यांपुढे तेवढ्या वर्षांत दुरुस्त केलेल्या गाड्याच गाड्या यायला लागल्या. कुणाची भाजीची, कुणाची विटांची, एक शाळेची. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडल्या उघडल्या गाडी पुन्हा तपासायला घेऊन या म्हणून सांगायला त्यानं शाळेच्या गाडीवाल्याला फोन लावला आणि पलीकडचं बोलणं नीट ऐकायला बायकोला शेजारी बसवलं.