जोडसायकलीची मागची सीट

घड्याळजींच्या मते जोडसायकल चालवतो तो पुढे बसणारा. मागचा म्हणजे नुसतं सामान. हे तत्त्वज्ञान गेली सहा वर्षं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, घड्याळाचं झाकण उघडता उघडता, ऐकवत आले होते. मागे बसायची त्यांची बायको. ती दवाखान्यात नर्स, म्हणून सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं. ती दिवसभर वॉर्डात पायांवर उभी, हे दिवसभर स्टुलावर. पण सायकल ओढायचे म्हणे हेच.

दुखणं एकच होतं. नदीच्या दरीतून वर चढणारा घाट आणि त्याच्या माथ्यावरची खिंड त्यांना न उतरता कधी जमली नव्हती. दर वर्षी सातव्या वळणावर सायकल थांबायची आणि घड्याळजी म्हणायचे, "तू पाय लावत नाहीस!" नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय? आता पुढच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर घाट विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे खिंड आज नाही तर कधीच नाही.

दरीतला सपाट रस्ता मजेत सरला. दोन्ही बाजूंना उभे कडे, खाली हिरवंगार पाणी. घड्याळजी चक्क शीळ घालत होते. चढ सुरू होतो त्या पुलावर मात्र त्यांनी ब्रेक मारला.

"आज तू पुढे बस. मी मागून लक्ष ठेवतो. बघू कशी अंगचोरी करतेस ते."

"बसते की," सिस्टर म्हणाली आणि तिने हेल्मेटचा पट्टा आवळला.

मागे बसल्यावर घड्याळजींना कळलं, की इथून समोरचा रस्ता दिसत नाही. दिसते ती बायकोची घामेजलेली पाठ. हँडल वळत नाही, गिअर हाताशी नाहीत. त्यात सिस्टरने पहिल्याच वळणावर सगळ्यात हलका गिअर टाकला.

"अगं, हा गिअर लेच्यापेच्यांचा!"

"अहो, बोलण्यात दम घालवू नका."

पाचव्या वळणावर गुडघ्यातून अशी कळ आली, की त्यांना ब्रह्मांड आठवलं. त्यांनी पाय सैल सोडले. जोडसायकलीवर दोघांची पेडलं चेनने एकमेकांना बांधलेली असतात. एकाने जोर लावणं सोडलं तरी त्याचे पाय फिरतच राहतात आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आता थांबणारच, म्हणून घड्याळजींनी डोळे मिटले. सहावं वळण गेलं. सातवंही गेलं. शेजारून जाणारा ट्रकवाला ओरडला, "शाब्बास काका, लावा जोर!" तेव्हा त्यांनी दातओठ खाल्ल्याचं सोंगसुद्धा केलं.

खिंडीत वारा नुसता भणाणत होता.

"आलो की हो! एकदाही न उतरता!" सिस्टर धापा टाकत हसली.

घड्याळजींच्या ओठांवर बढाई तयार होती. पण तिचे थरथरणारे पाय दिसले आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"पाचव्या वळणापासून मी जोर लावलाच नाही गं."

"माहीत आहे," बाटली उघडत ती म्हणाली. "जोडीदार थांबला की दुसऱ्याला लगेच कळतं. पेडल एकदम जड होतं."

सहा वर्षं घड्याळजी पुढे बसले होते. पेडल असं एकदम जड झाल्याचं त्यांना एकदाही आठवेना.