पोटात ठेवलेली सहा फडकी

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मुळशीच्या उतारावर भाताच्या पोत्यांची बैलगाडी उलटली आणि आनंदा खाली सापडला. तीन वाजता गावकऱ्यांनी त्याला जीपमधून पौडच्या एका लहान दवाखान्यात आणलं. नाडी जेमतेम बोटाला लागत होती. साल १९८६.

डॉक्टर सिराज मुलाणींनी पोट उघडलं. यकृत फाटलं होतं. बाहेर रक्तगट जुळलेला मेहुणा नथू बाही वर करून उभा होता.

"काढा! उद्यापास्नं दाजी मला शिव्या देतील त्या माझ्याच रगताच्या जोरावर."

"गप रं मेल्या!" आनंदाची बायको चांगुणा भावावर ओरडली. "आधी जगू देत त्यास्नी."

रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या, तरी रक्तस्राव थांबेना. अंग गार पडत होतं, आणि गार अंगात रक्त गोठत नाही. डॉक्टरांनी यकृताभोवती घड्या घातलेली फडकी दाबून बसवली. धार थांबली!

"सुई द्या. फक्त कातडी शिवतो."

परिचारिका इंदूबाईंनी सुई दिली नाही. फडकी मोजून पुरी भरल्याशिवाय पोट बंद होऊ द्यायचं नाही, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम.

"सहा कमी हायेत, डॉक्टर."

"ती आतच राहणार."

"मंग मी न्हाई द्यायची सुई!"

"यकृत शिवत बसलो तर हा इथंच जाईल, इंदूबाई. ऊब येऊ दे, रक्त चढू दे. पुण्याचे डॉक्टर परवा उघडून काढतील."

"आन् त्यास्नी कुणी सांगितलंच न्हाई तर?"

"तुम्हीच चला सोबत," डॉक्टर म्हणाले.

इंदूबाईंनी सुई पुढं केली. टाके पडताच पोटावरच्या चिकटपट्टीवर त्यांनी ठळक लिहिलं: 'आत सहा फडकी'. आनंदाला घोंगडीत गुंडाळून जीपमध्ये घातलं.

"झालं का समदं?" चांगुणानं विचारलं.

"अर्धं झालंय. चढ लवकर!" इंदूबाई म्हणाल्या.

सहाला पाच कमी असताना जीप पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात पोचली. बुधवारी संध्याकाळी पौडच्या दवाखान्यात इंदूबाईंचा फोन आला. नवा रक्तस्राव नाही, अंगात ऊब आहे, नाडी एकशे बारा. फडकी काढायची दुसरी शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी आठला ठरली आहे. आनंदाला अजून शुद्ध आलेली नाही.