दोन सायकलींचं छप्पर

लिफ्टवाल्यांचा जुना तंबू म्हणजे तंबू कसला, सर्कशीचा मांडवच होता. उचलायला एक माणूस आणि शिव्या घालायला दुसरा, एवढी माणसं तर त्याला लागायचीच. दर वर्षी ते धूड सायकलच्या कॅरिअरवर आवळून लिफ्टवाले पुढे सुटायचे, आणि त्यांची बायको कपड्यांची पिशवी नि चहाचं भांडं लटकवून मागून रमतगमत यायची. नदीच्या काठाला झाडांची लांबच लांब रांग होती, तिथे त्यांचा मुक्काम. ती पोचेपर्यंत तंबू उभा असायचा आणि लिफ्टवाले झाडाला टेकून, "आलीस? मला वाटलं माहेरी वळलीस," असं म्हणायला मोकळे असायचे.

इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला, म्हणून त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणत. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसायची, म्हणून ती चष्मेवाल्या बाई. खरी नावं दाराच्या पाटीवर होती, आणि पाटी कोण वाचतंय?

या वर्षी लिफ्टवाल्यांची छाती उघडून ऑपरेशन झालं. महिने गेले, टाके भरले, डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, हळू चालवा, पण ओझं अजिबात नाही. तब्येत सुधारली खरी, पण माणूस बिघडला. म्हणजे काय, तर गोड झाला. ज्या माणसाने लग्नापासून भाजीत मीठ कमी आहे म्हणून जीव खाल्ला, तो आता अळणी भाजीलाही "छान झालीय" म्हणू लागला. वर त्याने शिकवण्या सुरू केल्या. फ्यूज कसा बदलायचा, गळका नळ कुठे आवळायचा, सायकलची चेन उतरली तर हात काळे न करता कशी चढवायची. बाई म्हणाल्या, "अहो, मला काय लिफ्टमध्ये नोकरी लावताय?" त्यावर ते नुसते हसले. आधीचा नवरा असता तर एकाला दोन शब्द ऐकवले असते.

शेवटी बाईंनीच विषय काढला. हलका तंबू घ्यायचा आणि नदीवर जायचं. एकदा का हा माणूस त्या झाडाला टेकून बसला, की पुन्हा जागेवर येईल, अशी त्यांची खात्री होती. दुसरं औषध त्यांच्याजवळ नव्हतं. लिफ्टवाले लगेच हो म्हणाले, आणि इतक्या लगेच म्हणाले की बाईंना तेही आवडलं नाही.

दुकान सायकलवरून हिंडणाऱ्यांचं होतं. मागच्या हॉलमध्ये तंबू उभे करून बघायची सोय होती. दुकानदार दाढीवाला, बोलका, गिऱ्हाइकापेक्षा तंबूवर जास्त जीव असणारा. त्याने पहिला तंबू काढला तो मुठीत मावत होता.

"हा तंबू आहे की ओढणी?" बाई म्हणाल्या.

"एकपदरी आहे, म्हणून हलका," दाढीवाला म्हणाला. "फक्त पहाटे आतून दव धरतो. थोडं टिपकतं अंगावर."

"थोडं म्हणजे?"

"म्हणजे उठायला गजर लागत नाही."

दुसरा दुपदरी होता. आत जाळी, बाहेर पावसाचं कापड, काठ्या आखूड घडीच्या, हँडलला आडव्या बांधता येतील अशा. वर लिहिलं होतं, दोन माणसांचा. बाई आत जाऊन आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, यात दोन माणसं झोपतील, पण कूस बदलायची तर दोघांनी आधी ठरवायला हवं. दाढीवाला मनापासून हसला. लिफ्टवाले मात्र तिसऱ्या तंबूपाशी जाऊन उभे होते.

"हा बघ," ते म्हणाले. "हा लाव बरं."

बाई लावायला बसल्या. कापड पसरलं, कोपरे धरले, काठी जोडली. काठीचं एक टोक खाचेत घातलं की दुसरं सुटत होतं.

"अहो, ते टोक धरा की जरा."

लिफ्टवाले पाठीमागे हात बांधून उभे राहिले. "आधी तो लांबचा कोपरा अडकव. मग इकडे ये."

"दुखतंय का?"

"छे, काही दुखत नाही. तू कर."

बाईंनी केलं. तंबू उभा राहिला, जरा वाकडा, पण राहिला. तर हे म्हणतात, "मोड आणि पुन्हा लाव."

"मी काय परीक्षेला बसलेय?"

"वारा असला तर आधी वाऱ्याकडचा कोपरा ठोकायचा, मग काठी. एवढं लक्षात ठेव. म्हणजे तू कधीही जाऊ शकशील. कोणासाठी अडून राहायला नको."

बाई गुडघ्यावर होत्या, हातात काठी होती. ती तशीच राहिली.

तू जाऊ शकशील. आपण नाही, तू. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, ऑपरेशनपासून या माणसाच्या तोंडून 'आपण' हा शब्दच गेलाय. आधी कसं, आपण पडदे बदलू, आपण त्या लग्नाला दांडी मारू, इतकंच काय, बाईंचा दात दुखला तरी आपण दाताच्या डॉक्टरकडे जाऊ. आणि आता? तुला आवडतील ते पडदे घे. खुर्ची तुला खिडकीपाशी बरी पडेल. चष्म्याच्या दुकानात रोज लांबचं स्वच्छ दिसणारी पण जवळचं न दिसणारी माणसं बाईंसमोर येऊन बसायची, आणि बाई त्यांना ऐटीत भिंगं बसवून द्यायच्या. आपल्या स्वतःच्या घरात काय चाललंय ते मात्र त्यांना आज दिसलं, तेही परक्याच्या दुकानात, जमिनीवर बसून. त्यांना इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की दोन्हीतलं आधी काय करावं ते कळेना.

त्यांनी तंबू पुन्हा लावला. या वेळी सरळ लागला. मग त्या आत शिरल्या आणि आतून चेन ओढून घेतली.

दाढीवाल्याने समजून उमजून पुढच्या दालनात काम काढलं. लिफ्टवाले वाकले.

"अगं, बाहेर ये."

"जागा छान आहे," आतून आवाज आला. "एकटीला पुरते. त्यासाठीच घेताय ना?"

मग कापडावर सावली खाली आली. लिफ्टवाले जमिनीवर बसले होते.

"हो," ते म्हणाले.

"का?"

"माझं काय, दुरुस्त केलेली लिफ्ट. चालेल तोवर चालेल. पण मी नसलो तर तू नदीवर जाणं सोडशील. मला माहितीय तुला. कपाटासारखी घरात बसशील. मला त्याची भीती वाटते गं. मरायची नाही वाटत एवढी."

बाईंनी पदराने नाक पुसलं. रडू येऊन गेलं होतं, राग मात्र शिल्लक होता.

"लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना हाताखालच्या माणसांना काय सांगायचात?"

"काय सांगायचो?"

"मला तोंडपाठ आहे, तुम्हाला नाही? एकट्याने उतरायचं नाही. जोडीदार वर उभा असल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही. एकदा एकजण एकटा उतरला तर त्याला आठवडाभर घरी बसवलं होतंत. मग मला एकटीला कशाला उतरवताय?"

"तेव्हा मी वरच असेन की," लिफ्टवाले म्हणाले.

मग आतून एक विचित्र आवाज आला, आणि बाई हसतायत की रडतायत हे काही त्यांना कळलं नाही.

"तसलं वर नको," बाई म्हणाल्या. "इथे, शेजारी. श्वास घेत. आणि भाजी अळणी असली तर अळणी म्हणायचं."

"अळणी तर असतेच."

"आता कसं."

चेन उघडली. बाई रांगत बाहेर आल्या, केस विस्कटलेले, चष्मा धुरकटलेला. पुसून डोळ्यांवर चढवला तेव्हा त्यांना हॉलच्या कोपऱ्यात दोन सायकली उभ्या दिसल्या. दोन्हींच्या हँडलला दोरी ताणलेली आणि दोरीवर एक पातळ कापड दोन्हीकडे उतरतं टाकलेलं, घराच्या छपरासारखं. चार कोपरे खुंट्यांना बांधलेले.

"हे काय?" त्यांनी दाढीवाल्याला हाक मारली.

"टार्प. आपली ताडपत्रीच म्हणा, फक्त तिचं सगळं मांस झडलेलं." दाढीवाला आला. "सगळ्यांत हलकं हेच. पण तंबूसारखं बंद होत नाही. वारा येतो, किडे येतात, मच्छरदाणी वेगळी घ्यावी लागते. काठ्या नाहीत, सायकलीच काठ्या."

त्याने पुढे केलेली त्या कापडाची पिशवी बाईंनी हातावर तोलली. त्यांच्या कपड्यांच्या पिशवीच्या पासंगालाही पुरली नसती. "हे माझ्या सायकलवर जाईल," त्या म्हणाल्या. "दोन सायकली लागतातच का याला?"

"दोन असल्या तर उत्तम. नाहीतर एक सायकल आणि एक झाड, तरी चालतं."

पुन्हा पाठीमागे हात बांधून उभ्या असलेल्या लिफ्टवाल्यांनी मान वर केली. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"आम्ही जातो तिथे झाड नाही," त्या म्हणाल्या.

नदीकाठची ती सगळी रांग लिफ्टवाल्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली असणार. प्रत्येक बुंध्याला ते कधी ना कधी टेकून बसले होते, ओले कपडे वाळत घातले होते, एकाच्या फांदीला तर बायकोसाठी झोपाळाही बांधला होता. ते बायकोकडे बघत राहिले. बायको खुंटी बघत होती, जशी काही जन्मात खुंटी पाहिली नव्हती.

"एकही नाही?" दाढीवाल्याने विचारलं.

लिफ्टवाल्यांनी पाठीमागचे हात सोडले आणि कापडाचं मोकळं टोक धरलं.

"नाही हो," ते म्हणाले, आणि मग बायकोकडे वळून, "आपण जातो तिथे कुठलं आलंय झाड?"