वीस मिनिटांची शांतता

आपला इंजिनीअर शांतता निर्माण करून पोट भरायचा. हे ऐकून कुणाला तो साधुपुरुष वाटेल, म्हणून आधीच खुलासा करतो. मोठ्या कंपन्यांची यंत्रं आजारी पडली की बोंब मारतात. कुठे जागा संपली म्हणून, कुठे उत्तर यायला उशीर झाला म्हणून, आणि कधी कधी नुसतीच, उगाच. ही बोंब इशारा बनून माणसांच्या फोनवर येते आणि माणसं भरल्या ताटावरून उठून धावतात. त्याच्या ऑफिसात दिवसाला चार हजार इशारे यायचे. इतके आले की मग एकाकडेही कुणी बघत नाही. रोज मरे त्याला कोण रडे. यावर त्याने युक्ती काढली. एकाच यंत्राचा तोच इशारा लागोपाठ आला, तर पहिला तेवढा पुढे पाठवायचा, बाकीचे गिळून टाकायचे. चार हजारांचे चारशे झाले. यंत्रं होती तशीच आजारी राहिली, फक्त ओरडायची थांबली, आणि मॅनेजमेंटच्या भाषेत यालाच बरं होणं म्हणतात.

या कर्तबगारीवर त्याला आता 'प्रमुख इंजिनीअर' व्हायचं होतं. सहा वर्षं तो 'वरिष्ठ' होता. दोन्हींत फरक एवढाच की वरिष्ठाला काम करावं लागतं आणि प्रमुखाला त्याबद्दल बोलावं लागतं. बोलण्याचा सराव तो घरूनच करायचा. वरच्या मजल्यावरची खोली, बंद दार आणि कानांवर बाहेरचा आवाज आत येऊ न देणारे भलेमोठे हेडफोन. "देवाने माणसाला कान दिले," त्याची बायको म्हणायची, "आणि यांनी त्यांना झाकणं आणली."

खालच्या खोलीत त्याचे बाबा राहत. चाळीस वर्षं त्यांनी एकाच दाराच्या छोट्या दुकानात रेडिओ आणि टेप दुरुस्त केले होते. आठव्या वर्षी मुलाच्या हातात सोल्डरिंग आयर्न त्यांनीच दिलं, आणि त्याचं बोट भाजलं तेव्हा "आता कळलं ना, कुठून धरायचं नाही ते?" एवढंच म्हणाले. आता ते एकोणऐंशीचे होते. गेल्या वर्षी डाव्या अंगावरून वारं गेलं, ते बरंचसं परतलं, पण पाय रुसलेलाच राहिला. ताईचा दर आठवड्याला फोन यायचा, "तुला जमत नसेल तर स्पष्ट सांग, मी घेऊन जाते." बाबांना इथेच राहायचं होतं. त्यालाही ते इथेच हवे होते. बाकी गोष्टींत त्याची कितीही थट्टा केली तरी यात तो खोटा नव्हता.

बायको एका प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या कामाला होती. ती घराबाहेर असली की घरात हे दोघेच, एक वर आणि एक खाली. बाबा हाका मारायचे, पण झाकणांपुढे हाकांचं काय चालणार! "दुकानात घंटा मिळते," बायको म्हणाली. "बटण त्यांच्याकडे, घंटा तुमच्याकडे. दाबलं की वाजते. येताना घेऊन येऊ?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू सुताराच्या घरात तिने स्टूल भाड्याने आणायची गोष्ट काढली होती. पुढचे सहा शनिवार-रविवार जेवणाच्या टेबलावर तारा, पट्ट्या आणि चिमट्यांचं राज्य होतं, आणि घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवत होती. विकतची घंटा नुसती वाजली असती. त्याची घंटा वाजणार होती, फोनवर निरोप धाडणार होती, प्रत्येक दाबाची वेळ लिहून ठेवणार होती आणि महिन्याच्या शेवटी आलेखही काढणार होती. बाबांनी महिन्याला किती वेळा हाक मारली याचा आलेख कुणाला हवा होता, हे विचारायचं धाडस बायकोने केलं नाही. टेबल रिकामं होतंय, यातच तिला आनंद होता.

बाबांनी मात्र एक प्रश्न विचारला. "मी दाबलं, पण वर पोचलं की नाही, हे मला कसं कळणार?"

मेकॅनिकचा प्रश्न होता तो. मुलाला अभिमान वाटला. त्याने बटणाच्या डबीवर हिरवा दिवा बसवला, डबी दोरीने बाबांच्या गळ्यात अडकवली आणि म्हणाला, "हिरवा लागला की समजा, मला कळलं."

पहिल्या दिवशी बाबांनी एकतीस वेळा दाबलं. पेपरचं पान सापडत नाही. पंखा आवाज करतोय. बाहेर कोण आलं होतं? दिवा खरंच लागतो का, ते बघत होतो. दुसऱ्या आठवड्यात एकदा, ऐन मीटिंगमध्ये, दहा मिनिटांत पाच वेळा फोन थरथरला. तो धापा टाकत खाली आला, तर बाबांचा चष्मा हरवला होता आणि तो त्यांच्या कपाळावर होता.

"बाबा, एकदा दाबलं की पुरे ना! हिरवा लागला की नाही?"

"लागला. पण तू आला नाहीस."

"येतच होतो ना!"

त्या संध्याकाळी त्याने घंटेच्या प्रोग्राममध्ये बारा ओळी लिहिल्या. ऑफिसातलीच युक्ती, उचलून घरात ठेवली. पहिला दाब वर पोचवायचा, त्यानंतर वीस मिनिटांतले बाकीचे गिळायचे. हे त्याने बाबांना सांगितलं नाही, बायकोलाही ताकास तूर लागू दिली नाही. हिरवा दिवा मात्र तसाच राहिला. तो वरच्या यंत्राला निरोप पोचला की लागायचा, आणि यंत्राला सगळंच पोचत होतं. पुढे माणसापर्यंत काय जातं, याच्याशी दिव्याला काही देणंघेणं नव्हतं. घरात शांतता नांदू लागली. "बाबा हल्ली कमी दाबतात, नाही?" बायको म्हणाली. "सवय झाली त्यांना," तो म्हणाला.

मग तो मंगळवार आला. अकरा वाजता त्याला आपली शांतता सगळ्या मोठ्या मंडळींपुढे मांडायची होती. पडद्यावर चौदा चौकोन, चौदा चेहरे आणि मधोमध विभागाच्या मॅडम, ज्यांच्या एका होकारावर त्याचं प्रमुखपद अडलं होतं. अकराला दहा कमी असताना फोन थरथरला. सकाळपासूनची ही चौथी वेळ. तो खाली गेला. बाबांना खिडकी थोडी उघडून हवी होती. त्याने उघडली आणि म्हणाला, "बाबा, आता तासभर मीटिंग आहे. महत्त्वाची आहे."

"जा, जा. मी कशाला बोलावतोय?"

पुढे खाली काय झालं ते त्याला मागाहून कळलं, पण आपण आताच बघू. अकरा वाजून चार मिनिटांनी बाबा न्हाणीघराकडे निघाले. उंबऱ्याशी तो रुसलेला पाय अडकला आणि ते कुशीवर पडले. उजवा हात अंगाखाली आला. डाव्या हाताने त्यांनी गळ्यातली डबी चाचपली आणि दाबली. हिरवा दिवा लागला.

वर तेव्हा पहिला आलेख पडद्यावर होता. "पूर्वी आमची माणसं आवाजामुळे थकून जायची," इंजिनीअर सांगत होता. "आता खऱ्या गरजेचा इशारा तेवढाच पोचतो." चौदा माना डोलल्या. एका चौकोनातल्या गृहस्थाने विचारलं, एखादा खरा इशारा गिळला गेला तर? आपला इंजिनीअर हसला. त्याने या प्रश्नासाठी वेगळं पान तयार ठेवलं होतं. त्यावर टक्के होते. टक्के दिसल्यावर गृहस्थ गप्प झाले.

पावणेबाराला बायको घरी आली. त्या दिवशी तिची पहाटेची पाळी होती. इंजिनीअर तेव्हा मॅडमचं कौतुक नम्रपणे ऐकून घेत होता. दार उघडलं, कानांवरची झाकणं कुणीतरी खेचून काढली आणि चौदा जणांनी त्याच्या बायकोला ओरडताना पाहिलं, "बाबा पडलेत! कधीपासून पडलेत खाली!"

तो कसा उतरला ते त्याला आठवत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं मधे फक्त सतरा पायऱ्यांचं अंतर होतं. दोघांनी मिळून त्यांना उचललं, पलंगावर ठेवलं, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी दाबून, वाकवून पाहिलं. हाड मोडलं नव्हतं. मनगट मुरगळलं होतं, कुशीला मुका मार होता. "नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाले आणि मनगट बांधून गेले.

"ताईला कळवू नका," बाबा म्हणाले. "न्यायला येईल."

"पण बाबा, तुम्ही बटण दाबलं नाही का?" बायकोने विचारलं.

"दाबलं ना!"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो आधीच फोन काढून डोळे खाली घालून उभा होता. प्रत्येक दाबाची वेळ लिहिलेली होती. तेवढं काम घंटेने चोख केलं होतं. अकरा चार. अकरा सहा. अकरा सात. एकूण एकोणीस ओळी, आणि प्रत्येकीपुढे त्याचेच शब्द, 'पुनरावृत्ती, दुर्लक्ष'. खिडकीसाठीच्या त्या एका दाबाने बाकी सगळ्यांचं तोंड बंद केलं होतं. पण वीस मिनिटं तर अकरा दहालाच संपत होती! मग पुढचे दाब का गिळले? त्याने त्या बारा ओळी उघडल्या. वीस मिनिटं पहिल्या दाबापासून मोजायची होती. त्याने ती शेवटच्या दाबापासून मोजली होती. ऑफिसातही तशीच मोजली जात होती. आठ महिने झाले, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेवढ्यात मॅडमचा निरोप आला, "घरी सगळं ठीक असेल अशी आशा. अभिनंदन, प्रमुख इंजिनीअर!"

"दिवा लागत होता," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "दर वेळी लागला. म्हटलं, पोचतंय, येईल. मीटिंग मोठी असेल. मग म्हटलं, चिडला असेल. सकाळपासून चारदा खाली बोलावलं मी त्याला. आपलंही चुकतंच."

त्याला रडू आवरेना. आणि अशा वेळी माणसाच्या तोंडी जे रोजच्या सरावाचं असतं तेच येतं. त्याच्या ऑफिसात काही बुडालं की चौकशी होते, पण नाव कुणाचंच घ्यायचं नाही असा नियम असतो. सगळं आपोआप घडलेलं असतं.

"बिघाड होता, बाबा," तो म्हणाला.

बाबांनी वळून पाहिलं. "बिघाड? म्हणजे तुला ऐकूच आलं नाही?"

"नाही आलं."

"अरे, मग आधी नाही का सांगायचं!" त्यांचा चेहरा असा उजळला की मार लागलेला माणूस तो हाच का, असं वाटावं. "मी आपला तिथे पडल्या पडल्या काय काय मनात आणत होतो! घाबरवलंस उगाच. ड्राय सोल्डर असणार, एखादा टाका कच्चा राहिला असणार, दुसरं काय! आण ती डबी, आणि माझं भिंग आण. एका हातानेही शोधून काढतो."

त्यांनी डावा हात पुढे केला. बायको भिंग शोधायला खणाकडे वळलीसुद्धा. इथे गप्प बसला असता तर सगळं मिटलं असतं. बाबांनी ती डबी खोलली असती, टाके तपासले असते, नसलेला बिघाड दिवसभर शोधला असता आणि शेवटी आपल्या डोळ्यांना दोष दिला असता.

"टाके पक्के आहेत, बाबा. बिघाड नव्हता. मीच तसं लिहिलं होतं."

"कसं?"

त्याने सांगितलं. एक दाब घ्यायचा, पुढची वीस मिनिटं बाकीचे सोडून द्यायचे. बायको खण उघडा टाकून उभी राहिली. बाबा मात्र रागावले नाहीत. एखादा सेट उघडून पुढ्यात ठेवावा तसे ते ऐकत होते, भुवया जवळ आणून.

"वीस मिनिटं कुठून मोजायची? पहिल्या दाबापासून?"

चौदा जणांपैकी एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता.

"शेवटच्या दाबापासून," तो म्हणाला.

"म्हणजे मी परत दाबलं की परत वीस."

"हो."

"परत दाबलं की परत वीस."

"हो, बाबा."

बाबांनी पुढे केलेला हात हळूच मागे घेतला आणि पांघरुणावर ठेवला.

"म्हणजे मी वीस मिनिटं गप्प पडून राहिलो असतो आणि मग दाबलं असतं," ते म्हणाले, "तर तुला ऐकू आलं असतं."